मदत हवी आहे : ‘लेट इट गो’चा काळी चारचा कराओके ट्रॅक

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीच्या गणपतीत माझी लेक आणि तिच्या चार मैत्रिणी ‘फ्रोझन’ या इंग्रजी ॲनिमेशन सिनेमातलं ‘लेट इट गो’ गाणार आहेत. महिनाभर रोज संध्याकाळी जिन्यात बसून पोरींनी सराव केलाय, कडवंन् कडवं पाठ आहे.

काल कराओके ट्रॅक (आवाजाशिवाय नुसती वाद्यं) लावला आणि पहिल्याच ओळीला सगळ्या थांबल्या. ‘आई, हे आपलं गाणं नाहीये!’ खरंच नव्हतं. या गाण्याची दोन रूपं आहेत. सिनेमात नायिका एल्सासाठी इडिना मेन्झेल गाते ते, आणि गायिका डेमी लोवाटोचं पॉप सिंगल (म्हणजे वेगळं काढलेलं गाणं), जे शेवटी श्रेयनामावलीवर वाजतं. दोन्ही 2013 चीच. मी घेतलेला ट्रॅक सिंगलचा निघाला, पांढरी पाचचा (म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला ‘सा’ धरलेला). सिनेमातलं गाणं काळी चारचं, म्हणजे अर्धा स्वर वर. पट्टी मोबाइलवर चढवून पाहिली, पण वाद्यमेळच वेगळा. सिनेमात सुरुवातीला नुसता हळुवार पियानो आहे, पोरी त्याच्यावरच श्वास घेतात. सिंगलचा ठेका त्यांना तिथे थांबूच देत नाही.

सिनेमातल्या रूपाचा चांगला कराओके ट्रॅक कुणाकडे आहे का? किंवा ठाणे-कळव्यात कीबोर्डवर साथ करणारं कुणी माहीत आहे का? मानधन अर्थातच देऊ. कार्यक्रम येत्या शनिवारी आहे. धाकटी तर काल रडून झोपली, म्हणून जरा घाईने विचारतेय. कृपया इथेच कळवा.