मदत हवी आहे: बॅक्युलोव्हायरसचं लेफ-3 हे प्रथिन फळ्यावर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीची, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. सोमवारी बॅक्युलोव्हायरसवर, म्हणजे किड्यांना मारणाऱ्या विषाणूंवर, सेमिनार आहे; ते आपल्या डीएनएची नक्कल कशी करतात ते दाखवायचंय. मामाच्या तुरीवर याच कुळातल्या विषाणूने मेलेल्या अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या पाहिल्यात, बोट लागलं की फुटून पाणी गळतं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

त्यातल्या एसीएमएनपीव्ही या विषाणूचा डीएनए गोल, सुमारे 1,34,000 बेस जोड्यांचा. नक्कल करणाऱ्या प्रथिनांपैकी डीएनए पॉलिमरेज (नवा धागा जोडणारं), पी143 हेलिकेज (दुहेरी धागा उलगडणारं), प्रायमेज लेफ-1 (सुरुवातीचा छोटा तुकडा बनवणारं), त्याचा जोडीदार लेफ-2, आयई-1 इथवर जमलं. अडलंय लेफ-3पाशी. उलगडलेल्या एकेरी धाग्याला ते चिकटतं, शिवाय पी143ला पेशीच्या केंद्रकात पोचवतंही तेच! ही दोन्ही कामं एका चित्रात कशी दाखवू? कुणी शिकवलं असेल तर प्लीज सांगा. रविवारी ठाण्याला किंवा वाशीला भेटायलाही येईन.