विषय : शरद ऋतूतील चित्रपट कार्यक्रमासाठी हसवणारा विज्ञानपट

प्रेषक : ठाण्यास परतलेले माजी सभासद

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

चित्रपट कार्यक्रमासाठी कार्यकारिणीने सूचना मागवल्या आहेत, त्यानुसार मी १९८५ सालचा ‘बॅक टू द फ्यूचर’ सुचवत आहे. ठाण्यात नुकताच आम्ही शाळासोबत्यांनी एका मल्टिप्लेक्समधील लहान पडदा आमच्यापुरता आरक्षित करून हा चित्रपट मुला-नातवंडांसह पाहिला आणि हसवणारा विज्ञानपट चारचौघांत, चित्रपटगृहातच पाहावा याची मला पुरती खात्री पटली.

या प्रकारातला विनोद नियमावर उभा असतो. प्रेक्षकाने सुरुवातीला एक अशक्य गोष्ट मान्य करायची असते. येथे ती अशी, की मोटारीने ताशी ८८ मैलांचा, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटरचा वेग गाठला आणि तिला १.२१ गिगावॉट, म्हणजे १२१ कोटी वॉट वीज मिळाली, की ती काळ ओलांडते. एवढे मान्य केल्यावर मात्र दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि सहलेखक बॉब गेल आपल्याकडे आणखी सवलत मागत नाहीत. १९८५ मधला तरुण नायक या मोटारीतून १९५५ मध्ये, आपल्या आईवडिलांच्या तरुणपणात, जाऊन अडकतो. परतण्यासाठी तेव्हा एवढी वीज आणायची कुठून, या प्रश्नाचे उत्तर नायकाच्या हाती आधीच पडलेल्या एका पत्रकात असते : १२ नोव्हेंबर १९५५ च्या रात्री दहा वाजून चार मिनिटांनी गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज कोसळलेली असते. ते पत्रक पहिल्यांदा दिसते तेव्हा कोणी त्याकडे लक्ष देत नाही, आणि म्हणूनच ते पुन्हा पुढे येते तेव्हा सगळे सभागृह एकदम सावरून बसते.

दहाजण एकत्र पाहत असले की प्रत्येकाच्या नजरेला वेगळे काही पडते. आरंभी ज्या मॉलच्या आवारात प्रयोग होतो, त्याच्या फलकावर दोन पाइन वृक्षांचे नाव असते. भूतकाळात पोहोचलेला नायक एका शेतकऱ्याच्या दोन रोपट्यांपैकी एक मोटारीखाली चिरडतो. आणि तो परततो तेव्हा फलकावर एकाच वृक्षाचे नाव असते. पडद्यावर याविषयी कोणी अवाक्षरही काढत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राच्या नातीने ते टिपले आणि ‘आजोबा, एकच झाड उरलं!’ असे ती मोठ्याने म्हणाली. ज्यांच्या ते लक्षात आले नव्हते, ते शेजाऱ्याला विचारू लागले आणि हशा एकेका रांगेने मागे सरकत गेला. १९८५ मध्ये रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष आहेत, हे १९५५ मधल्या शास्त्रज्ञाला खरे वाटत नाही, त्या प्रसंगी नेमके उलट घडले. रेगन मूळचे नट आणि १९८१ पासून राष्ट्राध्यक्ष, हे आम्हा ज्येष्ठांना पाठ असल्यामुळे आम्ही आधी हसलो. मुलांच्या कानात ते कुजबुजावे लागले आणि त्यांचे हसू पुढच्या प्रसंगात मिसळले. गडकरी रंगायतनात रंगलेला फार्स पाहताना जो आनंद मिळतो, तो मला त्या दिवशी मिळाला.

नंतर आम्ही तलावपाळीवर बराच वेळ उभे होतो. ‘गाडी मिळाली तर कोणत्या साली जाल?’ असा प्रश्न निघाला, तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेल्या मित्राने क्षणाचाही विलंब न लावता १६ एप्रिल १८५३ ही तारीख सांगितली. बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्यात शिरताना त्याला पाहायची होती. त्यावर मुलांनी लगेच त्याला बजावले, की फलाटावर नुसते उभे राहायचे आणि कशालाही हात लावायचा नाही. भूतकाळात काही बदलले की वर्तमानही बदलतो, हा चित्रपटाचा नियम मुलांच्या किती अंगवळणी पडला होता, हे यावरून दिसते.

आपला,
ठाण्याहून एक जुना सभासद

---

प्रेषक : कार्यक्रम समितीतील एक सदस्या

काका, सविनय नमस्कार.

आपले पत्र समितीने आवडीने वाचले. तथापि दोन शंका मांडते. आपल्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना १९५५ सालची अमेरिका कितपत जवळची वाटेल? त्यापेक्षा १९८७ सालचा ‘मिस्टर इंडिया’ सर्वांना समजेल, असे काही सदस्यांचे मत आहे. दुसरे असे, की या इंग्रजी चित्रपटात मुलांसमोर अवघड वाटतील असे प्रसंग आहेत, असे एका पालकांनी कळवले आहे.

आपली,
समितीच्या वतीने

---

प्रेषक : ठाण्यास परतलेले माजी सभासद

ताई, नमस्कार.

‘मिस्टर इंडिया’ला माझा मुळीच विरोध नाही, कारण तोही आपला नियम पाळतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे अदृश्य माणूस आंधळाच असायला हवा, कारण डोळ्याच्या पडद्याने प्रकाश शोषला नाही तर दिसणार कसे? चित्रपट एवढी एक गोष्ट बाजूला ठेवायला सांगतो. मात्र तांबड्या प्रकाशात तो माणूस दिसतो ही अट शेवटपर्यंत सोडत नाही आणि त्या अटीतूनच भीती निर्माण होते. हनुमानाची मूर्ती गुंडांना बडवते तो प्रसंग भरलेल्या सभागृहात पाहावा, असे मी आग्रहाने म्हणेन. समितीने तो निवडला तरी मला तितकाच आनंद होईल.

आजी-आजोबांविषयी मात्र माझा अनुभव निराळा आहे. आमच्याबरोबर आलेल्या एका मित्राच्या आईंना इंग्रजी फारसे कळत नाही. परंतु आपले आईवडील आपल्याच वयाचे असताना भेटले तर काय होईल, ही कल्पना त्यांना कोणी समजावून द्यावी लागली नाही. सुरुवातीला मराठीत पाच मिनिटांचे निवेदन केले आणि इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवली, तर कोणी मागे पडणार नाही.

पालकांची शंका रास्त आहे. तरुणपणीची आई आपल्याच मुलावर भाळते, आरंभी गोळीबार होतो आणि मोटारीतला एक जबरदस्तीचा प्रसंगही आहे. आमंत्रणात हे स्पष्ट लिहावे आणि लहान मुलांबाबतचा निर्णय आईवडिलांवर सोपवावा.

चित्रपट कोणताही ठरला तरी सार्वजनिक खेळाचा परवाना वेळेत घ्यावा. घरी पाहण्यासाठी विकत घेतलेली डिस्क किंवा ऑनलाइन सदस्यत्व सभागृहातील खेळासाठी पुरेसे नसते. ‘बॅक टू द फ्यूचर’ची लांबी ११६ मिनिटे आहे आणि मूळ चित्रपटात मध्यंतर नाही. आमच्या येथील चित्रपटगृहाने ते बोलणे चालू असताना मध्येच घातले आणि रंग गेला. साधारण मध्यावर, आकाशातली वीज वापरायचे शास्त्रज्ञाला सुचते, तो प्रसंग पूर्ण होताच दिवे लावावेत. पुढे काय होईल याची चर्चा तेव्हा आपोआप सुरू होते, म्हणून चहासाठी पंधरा मिनिटांऐवजी वीस मिनिटे ठेवावीत.

आपला,
ठाण्याहून एक जुना सभासद