'परवा' मागचा की पुढचा? बातम्यांत काळाच्या खुणा लावताना

कसबा_पेठ: पुण्याच्या मराठी बातम्यांना टाईम-एमएलच्या (मजकुरातल्या वेळा, घटना आणि त्यांचा क्रम नोंदवायची पद्धत) खुणा लावायच्या आहेत. 'परवा' दोन्हीकडे जातो, आणि 'आलोच' भूतकाळात धरला की क्रमच उलटतो. नियम काय ठेवावा?

तिथीवार: आधी बातमीची तारीख पक्की करा, सगळं तिच्यापासून मोजायचं. बातमी मंगळवार, १४ मे २०२४ ची असेल तर 'येत्या गुरुवारी' म्हणजे २०२४-०५-१६. 'परवा'चा निकाल क्रियापद देतं: 'परवा झाली' तर १२, 'परवा होणार' तर १६. 'अगदी परवापरवापर्यंत' यात दिवस नसतोच. तिथे तारीख न घालता नुसता भूतकालीन संदर्भ नोंदवा. 'दर गुरुवारी' ही तारीख नव्हे, तिचा प्रकार 'सेट', म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी वेळ.

वेळांचंही बघा. 'सव्वा' आणि 'साडे' मिळवायचे, 'पावणे' वजा करायचं. तिन्ही एकाच नियमात कोंबले की पावणेसहाचे ६:४५ होतात.

क्रियापद_कट्टा: 'आलोच'चा घोळ रूप आणि काळ एकच मानल्याने होतो. तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाखने १९४७ मध्ये काळाचे तीन बिंदू मांडले: उच्चार (बोलण्याचा क्षण), घटना, आणि जिथून घटनेकडे बघतो तो संदर्भ. 'जेवलो'मध्ये घटना व संदर्भ एकत्र, दोन्ही उच्चाराआधी. 'जेवलो आहे'मध्ये संदर्भ उच्चारापाशी येतो. 'जेवलो होतो'मध्ये घटना, मग संदर्भ, मग उच्चार, हा संदर्भ बहुधा आधीच्या वाक्यात सापडतो ('पाहुणे आले तेव्हा...'). 'आलोच'चं रूप भूतकाळीच नोंदवा, पण दुवा (क्रम सांगणारी खूण) 'उच्चारानंतर' असा द्या. बातमीत हे अवतरणात येतं, म्हणून उच्चार म्हणजे बातमीची तारीख नाही, 'म्हणाले' ही घटना.

कसबा_पेठ: पटलं. मग 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येणार' यात 'बंद'ला गुरुवारच्या 'आत' ठेवू?

तिथीवार: नको. नळ शुक्रवारी सकाळीही कोरडाच असतो. संगणकशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलनने (१९८३) दोन कालखंडांमधली १३ नाती सांगितली, त्यांपैकी इथे दोन लागतात: 'बंद'च्या पोटात गुरुवार, आणि 'बंद' जिथे संपतं तिथेच 'येणं' सुरू, म्हणजे 'भिडणं'. 'आधी' लिहिलंत तर मध्ये फट राहते, त्या फटीत पाणी ना चालू ना बंद.

दुवे जोडून नवे काढतानाही जपून. क हा ख च्या आधी आणि ख हा ग च्या आत, एवढ्यावरून क आणि ग यांच्यात ५ नाती शक्य उरतात. अंदाजाने एक निवडू नका, पाचही ठेवा.