सामुदायिक आयरिश संगीत गटाचा पहिला कार्यक्रम: सेशनमधले वादन रंगमंचावर कसे न्यावे?

प्रश्न : डब्लिनची_व्हिसल

सर्वांना नमस्कार. मी डब्लिनमध्ये राहते आणि आमच्या भागातल्या सामुदायिक आयरिश पारंपरिक संगीत गटात टिन व्हिसल (धातूची छोटी बासरी) वाजवते. गटात फिडल (व्हायोलिन) आणि व्हिसल पुष्कळ आहेत; शिवाय दोन कॉन्सर्टिना (हातात धरायची भात्याची छोटी पेटी), एक बटन अ‍ॅकॉर्डियन, एक बँजो, दोन गिटार आणि दोन बौरान (आयरिश डफ) आहेत. शाळकरी मुलांपासून निवृत्त आजी-आजोबांपर्यंत सगळेच येतात, त्यामुळे प्रत्येकाची तयारी वेगळी आहे. एरवी आमचे सेशन असते, म्हणजे आम्ही पबमध्ये गोल करून बसतो, एकमेकांकडे पाहत वाजवतो आणि ज्याला जी धून येत नाही तो त्या वेळी ऐकत राहतो. आता आम्हाला एका सभागृहात अर्ध्या तासाचा कार्यक्रम मिळाला आहे आणि तालमीत तीन अडचणी पुन्हा पुन्हा समोर येत आहेत. रीलचा (जलद नृत्यधुनेचा) सेट, म्हणजे सलग वाजवायच्या धुनांची माळ, ठरलेल्या लयीत सुरू होतो, पण तिसऱ्या धुनेपर्यंत लय इतकी चढते की मुलांची बोटे मागे पडतात. काहींना समोर नोटेशन हवे आहे, तर काहींचा त्याला ठाम विरोध आहे. सगळ्यांनी सतत एकच धून वाजवल्यामुळे ऐकणाऱ्याला कंटाळा येईल, म्हणून धुनेच्या जोडीला दुसरे सूर (हार्मनी) बसवावेत, असेही काही जण म्हणतात. माझा स्वतःचा प्रश्न असा की, ठरलेल्या धुनांपैकी निम्म्याच मला मुखोद्गत आहेत. उरलेल्यांत मी वाजवावे की नाही? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : फिडल_आणि_गज

आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ मला एकच दिसते. सेशनमध्ये वाजवणारे आणि ऐकणारे एकाच गोलात असतात, म्हणून तिथे काहीही आधी ठरवावे लागत नाही; रंगमंचावर मात्र कोणी कधी वाजवायचे आणि कोणी कधी थांबायचे, हे आधी ठरवावेच लागते. हे ठरवले की बरेचसे प्रश्न निम्म्यावर येतात.

आधी कंटाळ्याचे पाहू. क्लेअर परगण्यातल्या किल्फनोरासारख्या जुन्या केली बँडमध्ये (नाचाला साथ करणाऱ्या वाद्यवृंदात) सगळी वाद्ये एकसुरात धून वाजवत आणि मागे पियानो व ड्रमचा ठेका असे, कारण समोर नाचणारे लोक असत आणि त्यांना तेच हवे असे. 1960च्या दशकाच्या आरंभी संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी क्योल्तोरी कूलन हा गट उभा केला, तेव्हा ते वेगळ्या वाटेने गेले. एक वाद्य धून मांडी, दुसरे येऊन मिळे, मग काही वाद्ये थांबत आणि शेवटी सगळी एकत्र येत. 1962 साली पॅडी मोलोनी यांनी स्थापन केलेल्या चीफटन्स या गटाने हीच वाट पुढे नेली. म्हणून दुसरे सूर बसवण्याआधी वाद्ये कमी करून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. पहिली फेरी एका कॉन्सर्टिनाने एकटीने वाजवावी, दुसऱ्या फेरीत फिडल यावेत, तिसऱ्या फेरीत सर्वांनी यावे. धुनेतला एकही सूर न बदलता श्रोत्याला तीन वेगळे रंग ऐकू येतात, आणि ज्यांची तयारी कमी आहे त्यांना नेमके कुठे यायचे ते कळते.

आता सेटच्या लांबीचा हिशेब करू. रीलचे बहुधा दोन भाग असतात, प्रत्येक भाग 8 बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) असतो आणि तो दोनदा वाजवला जातो, म्हणजे एक फेरी 32 बारची होते. बारमध्ये दोन ठोके धरले आणि मिनिटाला 100 ठोक्यांची लय ठेवली, तर एका फेरीला सुमारे 38 सेकंद लागतात. तीन धुना प्रत्येकी तीन वेळा वाजवल्या की हे वादन जवळजवळ सहा मिनिटे अखंड चालते. नवशिक्याचे मनगट आणि श्वास इतका वेळ टिकत नाही. थकवा आला की हात आखडतो आणि आखडलेला हात पुढे धावतो. तुमची लय चढण्याचे एक कारण हेही असावे. दोन धुनांचे, दोन-दोन फेऱ्यांचे सेट करून पाहा.

लय चढण्याची दुसरी जागा म्हणजे धून बदलण्याचा क्षण. नवी धून आली की उत्साह वाढतो, आणि पट्टी ‘जी’वरून ‘डी’ किंवा ‘ए’वर गेली की तो आणखी वाढतो. त्यामुळे तालमीत संपूर्ण सेट पुन्हा पुन्हा न वाजवता, पहिल्या धुनेचे शेवटचे 8 बार आणि दुसऱ्या धुनेचे पहिले 8 बार एवढाच जोड घोटवावा. बदलाची खूण एकाच व्यक्तीने, सर्वांना दिसेल अशी द्यावी. पबमधली भुवईची खूण मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

उत्तर २ : रीडची_पेटी

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. त्यात वाद्यांबद्दल थोडी भर घालतो, कारण मी कॉन्सर्टिना वाजवतो. कॉन्सर्टिना आणि अ‍ॅकॉर्डियनचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी त्यांच्याशी जुळवून घ्यावे. व्हिसल थंड असताना उतरलेली असते आणि फुंकरीने गरम झाली की चढते. सुरुवातीआधी पाच मिनिटे वाजवूनच ती सुरात मिळवावी. जिचा वरचा भाग सरकत नाही अशी व्हिसल सुरात जुळवणे कठीण असते, हे खरेदी करतानाच लक्षात घ्यावे.

अनेक व्हिसल एकत्र असतील तर वरच्या सप्तकाचा कर्कशपणा हा मोठा प्रश्न होतो. धुनेचा दुसरा भाग बहुधा वर जातो. तिथे दोघींनीच वाजवावे. उलट धून फिडलच्या खालच्या तारेवर उतरते तेव्हा डी व्हिसलला (डी पट्टीच्या नेहमीच्या व्हिसलला) ते सूर मिळत नाहीत. ते एक सप्तक वर घ्यायचे की सोडायचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे. श्वास प्रत्येकीने वेगळ्या जागी घ्यावा, म्हणजे धुनेत भोक पडत नाही. रोल (एका सुराभोवती बोटांनी घेतलेली अलंकारिक हरकत) प्रत्येकाच्या हाताचा निराळा असतो आणि वीस जणांचे रोल एकमेकांत मिसळले की गोंगाट होतो, म्हणून समूहात साधे कट (सुराआधीचा एकच झटपट स्पर्श) पुरेसे आहेत.

दोन गिटार वेगवेगळे कॉर्ड धरत असतील तर एका वेळी एकानेच वाजवावे. हाच नियम बौरानला दुप्पट लागू आहे.

डब्लिनची_व्हिसल

मनापासून आभार. जोडाची तालीम आम्ही या आठवड्यापासून सुरू करू. नोटेशनबद्दल मात्र अजून वाद आहे. आणि मला न येणाऱ्या धुनांचे काय करावे?

उत्तर ३ : मेरियन_चौक

नोटेशनला कमी लेखू नये. शिकागोचे पोलीसप्रमुख असलेल्या फ्रान्सिस ओ'नील यांनी 1903 साली 1,850 धुनांचा संग्रह छापला नसता, तर आपल्यापैकी अनेकांना कित्येक धुना कधी कळल्याच नसत्या. पण कागदावर धुनेचा सांगाडा असतो. रीलमधला डोल आणि जिग या दुसऱ्या नृत्यधुनेची उसळी त्यावर उतरत नाही. शिवाय कागदाकडे पाहणारा माणूस खूण देणाऱ्याकडे पाहत नाही, आणि हीच अडचण रंगमंचावर सर्वांत महागात पडते. घरी नोटेशन खुशाल वापरावे आणि मंचावर फक्त सेटमधल्या धुनांची नावे व पट्ट्या ठळक अक्षरांत लिहिलेला एकच कागद जमिनीवर ठेवावा. डब्लिनमध्येच असाल तर मेरियन स्क्वेअरवरच्या आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालयात अवश्य जावे. 1987 साली स्थापन झालेल्या या संस्थेत जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात, आणि एकाच धुनेची चार निराळी रूपे ऐकली की ती कानात फार लवकर बसते.

न येणाऱ्या धुनांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अर्धवट येणारी धून मंचावर वाजवू नये, पण संपूर्ण धून सोडण्याचीही गरज नाही. पहिला भाग पक्का असेल तर तेवढाच वाजवावा आणि दुसऱ्या भागात व्हिसल खाली ठेवून ऐकावे. वर सुचवलेल्या मांडणीत हे अगदी ठरवून केल्यासारखेच दिसेल. गटप्रमुखांना मात्र हे तालमीतच सांगून ठेवा, म्हणजे त्या जागी दुसऱ्या कोणाला तरी पुढे आणता येईल.