मदत हवी आहे: वेकबोर्ड बोटीचा टॉवर उभा न्यावा की पाडून?

मंडळी, आमच्या बोटीवर टॉवर आहे, म्हणजे वेकबोर्डवर (पाण्यावर घसरायच्या फळीवर) उभ्या माणसाला ओढायचा दोर बांधतात ती नळ्यांची, आडवी पाडता येणारी कमान. डॅलसहून आर्कान्सासमधल्या लेक वॉशिटाला बोट ट्रेलरवर न्यायची आहे. रस्त्यावर सामानासकट गाडीची टेक्सासात १४ फूट उंची चालते, आर्कान्सासात साडेतेरा. उभ्या टॉवरसकट आमची बोट त्याच्या बरीच आत बसते. धास्ती आहे ती तळ्याजवळच्या झाडांच्या फांद्यांची आणि गॅस स्टेशनच्या छपराची. पाडला तर बिजागऱ्यांना हिसके बसतात, शिवाय टॉवरची नळी विंडशील्डच्या चौकटीपासून जेमतेम इंचभर वर राहते. मध्ये जाड फोम घालून पट्ट्याने आवळलं तर पुरेल का? बोर्ड आणि बिमिनी (वरचं कापडी छत) काढूनच नेणार, त्यात वादच नाही. टॉवर उभा नेणाऱ्यांनो, बोल्ट वाटेत सैल होतात का? किती मैलांनी थांबून तपासता? मागून येणाऱ्या गाडीवर काही उडून पडायला नको, म्हणून विचारतोय.