डायलिसिस लवकर की उशिरा? 'आयडियल' चाचणीचा सोयीस्कर अर्थ

नीरक्षीर:
पाणथळ यांनी काल 'डायलिसिस टाळा' या धाग्यात लिहिले की, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आयडियल' चाचणीने लवकरचे डायलिसिस निरर्थक ठरवले असून, यंत्रे रिकामी राहू नयेत म्हणूनच डॉक्टर रुग्णांना घाबरवतात. दोन ओळींत उत्तर देण्यासारखे हे नव्हे, म्हणून हा स्वतंत्र धागा. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८२८ रुग्णांपैकी एका गटाचे डायलिसिस मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला १० ते १४ मिलिलिटर असताना, तर दुसऱ्याचे ती ५ ते ७ पर्यंत उतरल्यावर सुरू करायचे ठरले होते. दोन्ही गटांत साधारण ३७ टक्के रुग्ण दगावले, म्हणजे लवकर सुरुवात करून आयुष्य वाढले नाही, हे मान्य. परंतु थांबायला सांगितलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्के रुग्णांना त्रास वाढल्यामुळे ७ पर्यंत थांबताच आले नाही. गाळणक्षमतेवर लिहिताना नेमके हेच वाक्य गाळले गेले.

पाणथळ:
त्रास होईपर्यंत थांबा, एवढेच तर मी म्हणतो आहे. तुमचे ७६ टक्के माझ्याच बाजूचे आहेत. माझ्या वडिलांचे क्रिएटिनीन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) साडेसहा होते, भूक चांगली होती, सूज नव्हती, तरीही एका खासगी रुग्णालयात 'याच आठवड्यात सुरू करा, नाहीतर जबाबदारी तुमची' असे ऐकवले गेले. दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर पंधरा दिवसांनी तपासण्या करत, आम्ही चौदा महिने काढले. त्या महिन्यांत ते नातवाला शाळेत सोडायला जात होते. हे तुमच्या टक्केवारीत कुठे बसते?

मितभाषी:
आपण दोघेही फिस्टुलाबद्दल, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेल्या जोडणीबद्दल, एक अक्षर बोलत नाही, याचा मला संताप येतो. हातावरचा फिस्टुला सुई टोचण्याजोगा होण्यास सहा-आठ आठवडे, कित्येकदा त्याहून अधिक काळ लागतो. माझ्या बहिणीला 'अजून वेळ आहे' म्हणत थांबवले आणि एका रात्री धाप लागल्यावर घाईघाईने मानेत नळी घालावी लागली. पुढे त्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, आणि डायलिसिसपेक्षा त्या तापानेच तिला अधिक खचवले. शिवाय ज्या डाव्या हाताच्या शिरा जपायच्या, त्याच हातातून प्रत्येक जण रक्त काढत होता!

दूरगाव:
मितभाषी, शिरा जपायला सांगणारा डॉक्टर तरी भेटायला हवा ना. आमच्या तालुक्यात मूत्रपिंडतज्ज्ञ नाही. महात्मा फुले योजनेत डायलिसिसचा खर्च निघतो, पण आठवड्यातून तीनदा जिल्ह्याला जाण्यायेण्यात बुडणारी मजुरी कोण देणार? म्हणून आमचे काका दोनदाच जातात.

मितभाषी:
मग काकांचा फिस्टुला झाला आहे की अजून नळीच आहे? नळी असेल तर आधी तिची चौकशी करा, भाड्याची नंतर करा.

दूरगाव:
भाडे नसले तर नळीपर्यंत पोहोचायचे कसे, हे शहरात बसून विचारणे सोपे आहे.

नीरक्षीर:
वाद फिस्टुलाकडे वळला ते एका परीने बरेच झाले, कारण मुद्दा तिथेच आहे. त्या चाचणीतले रुग्ण तज्ज्ञांच्या नजरेखाली थांबले होते. आपल्याकडे कित्येक जण आजाराचे निदानच उशिरा झाल्यामुळे थेट अतिदक्षता विभागात पोहोचतात, आणि अशांना 'टाळा' हे शीर्षक वाचायला मिळते. केवळ आकडा पाहून घाई करू नये, हे पाणथळ यांचे म्हणणे मला मान्य आहे. त्यांच्याकडे मी एकच गोष्ट विचारतो: वडिलांचा फिस्टुला केव्हा केला होता?

पाणथळ:
आपल्या उदार मान्यतेबद्दल आभारी आहे. शीर्षक बदलून 'डायलिसिसची घाई टाळा' असे करतो. यंत्रांबद्दलचे वाक्य मात्र मागे घेणार नाही. फिस्टुला दुसऱ्याच महिन्यात करून घेतला होता.

मितभाषी:
आणि हे तुम्ही आत्ता सांगता?