मदत हवी आहे: व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत ट्यूब घालताना घसा दाखवणारं कॅमेऱ्याचं उपकरण) कोणत्या ब्लेडचा घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला भूलतज्ज्ञ आहे. सिडको, पंचवटी, गंगापूर रोड अशी स्वतःची बॅग घेऊन फिरते. आजवर साध्या, बिनकॅमेऱ्याच्या मॅकिंटॉश ब्लेडवर भागलं (१९४३ पासून जग त्यावरच चाललंय म्हणा!).

पण गेल्या आठवड्यात एक काका आले. आखूड मान, तोंड जेमतेम दोन बोटं उघडणारं. तीन नंबरचं ब्लेड, मग चार नंबरचं, तरी एपिग्लॉटिसच्या (श्वासनलिकेवरच्या झाकणाच्या) टोकापलीकडे काही दिसेना. शेवटी बूजीवरून (आधी आत सरकवायच्या बारीक लवचिक कांडीवरून) ट्यूब गेली. ऑक्सिजन सॅच्युरेशन टिकलं, मला मात्र एसीत घाम फुटला.

२०२२ च्या कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात २२२ अभ्यास होते; ट्यूब न जाण्याचं प्रमाण व्हिडिओनं कमी होतं, हे मला पटलंय. अडलंय ते ब्लेडवर. जास्त वाकडं ब्लेड घेतलं की स्वरतंतू झकास दिसतात, पण स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी आतली तार) तसाच वाकवूनही ट्यूब पुढे अडते, असा अनुभव आहे का? की मॅकिंटॉशच्या आकाराचंच बरं? चॅनेलवालं (ट्यूबसाठी खाच असलेलं) ब्लेड असल्या छोट्या तोंडात जातं का?

एकच घेणं परवडेल. रक्त, लाळ, धुकं धरणारा कॅमेरा, सगळं खरंखरं सांगा. विक्रेत्यांनी कृपया फोन नंबर टाकू नयेत.